सड्यावरच्या सावित्रीबाई

वेळणखोलच्या खालच्या वाडीत दर गुरुवारी गाडीतून एक डॉक्टर येत आणि रुग्ण तपासून परत जात. हा प्रकार अकरा वर्षे राजरोस चालू होता. अकरा वर्षांनी, गाडी पाठवणाऱ्या आरोग्य न्यासाच्या मुंबईतल्या बैठकीत, यात डिझेल जळते असे कोणाच्या तरी लक्षात आले. रुग्णाला पाहण्यासाठी रुग्णापर्यंत जाणे ही पद्धत कालबाह्य ठरवण्यात आली आणि ‘दूरस्पंदन’ हा प्रकल्प एकमताने मंजूर झाला.

या निर्णयाचा सर्वांत जवळचा संबंध सावित्रीबाई नागवेकरांच्या पायांशी होता. बाईंचे वय अडुसष्ट, हृदय थकलेले, आणि हृदय थकले की पायांत पाणी उतरते. डॉक्टर मृणाली दर गुरुवारी ओटीवर बसून त्यांच्या नडगीवर अंगठा दाबत. पडलेला खळगा तसाच राहिला तर लघवीची गोळी अर्धी वाढवत, चटकन भरून आला तर आहे तेच चालू ठेवत. तपासणी दोन मिनिटांची. नंतर कोकम सरबत आणि वाडीत कुणाचे कुणाशी बिनसले आहे याचा आढावा. त्याला अर्धा तास लागे, आणि मुंबईच्या बैठकीत हा अर्धा तास विशेष खटकला होता.

सावित्रीबाईंचे यजमान सखाराम यांनी मात्र प्रकल्पाचे स्वागत केले. तीस वर्षे जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस. तिथे दर तासाला काटे बघायचे आणि आकडे वहीत लिहायचे. काटे जागेवर असले की जहाज ठीक, अशी त्यांची ठाम समजूत होती.

“अंगठ्यानं काय कळतंय?” ते म्हणाले. “काटा हवा. काटा खोटा बोलत नाय.”

“मग सरबत काट्याला देऊ काय?” सावित्रीबाईंनी विचारले.

प्रकल्पाचा समन्वयक विनोद रत्नागिरीहून आला. वाडीतल्या सात जुनाट रुग्णांना त्याने मनगटावर बांधायचे सात काळे पट्टे दिले, नारळ फोडला आणि माहिती सांगितली. रोज सकाळी अकराला पट्टा नाडी, रक्तदाब आणि तुम्ही कुठे आहात ते मोजणार आणि त्याच क्षणी रत्नागिरीच्या नियंत्रण केंद्रात पाठवणार. शिळे आकडे चालत नाहीत. आकडे चांगले असले की पडद्यावर तुमचे नाव हिरवे, बिघडले की लाल. लाल झाल्याबरोबर रुग्णवाहिका, डॉक्टर, सगळे हजर. गुरुवारची गाडी आणखी तीन महिने येईल आणि त्यानंतर गरज पाहून ठरवले जाईल.

वेळणखोलात मोबाइलची रेंज नाही, हे विनोदला नारळ फुटल्यावर कळले. गाव डोंगराच्या घळीत आहे. रेंज मिळते ती वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या पठारावर, तीही एका ठरावीक कातळाजवळ. मुंबईच्या मुलांशी बोलायला, गॅस नोंदवायला, लग्न ठरवायला आणि मोडायला सगळे गाव तिथेच जाते. विनोदने थोडा विचार करून सांगितले, “मग तुम्ही अकराला वर जात जा. तेवढाच व्यायाम.”

दुसऱ्या दिवशी सातही रुग्ण जांभ्याच्या दोनशे तीस पायऱ्या चढून वर गेले. सावित्रीबाईंना दोघांनी हात दिला आणि त्या चार ठिकाणी बसल्या. ठीक अकरा वाजता सातही जण लाल झाले. लगेच केंद्रातून फोन आला की तुमचा रक्तदाब धोक्याच्या पातळीवर आहे, पूर्ण विश्रांती घ्या, चढ-उतार अजिबात करू नका. रुग्णवाहिका वाटेवर होती, पण दम खाऊन झाल्यावर सगळ्यांनी आता बरे वाटते असे फोनवर कळवल्यामुळे ती पावस गावाच्या अलीकडूनच परत गेली.

सल्ला मानून सर्वांनी तीन दिवस घरी विश्रांती घेतली. चौथ्या दिवशी वाडीच्या नावाने पत्र आले. आकडे न पाठवल्यामुळे सातही रुग्ण ‘असहकारी’ ठरले होते, आणि असेच चालले तर औषधे व गुरुवारची गाडी दोन्ही तत्काळ बंद होणार होती.

देवळात गावकी बसली. देवळातली दिवाबत्ती घरटी पाळीने होते, होळीचे लाकूड पाळीने येते, मग पट्ट्यांनी काय घोडे मारले होते? ठराव झाला की ज्याची पाळी त्याने सातही पट्टे बांधून सड्यावर जावे. पहिल्या दिवशी ज्याची पाळी होती त्याचे सकाळी पोस्टमनशी भांडण झालेले, त्यामुळे सात जण पुन्हा लाल झाले. दुसऱ्या दिवशीचा माणूस पट्टे मनगटावर तसेच ठेवून होडीवर गेला आणि सातही रुग्ण किनाऱ्यापासून चार मैलांवर समुद्रात आढळले.

“हा अब्रूचा प्रश्न हाय,” सखाराम गावकीत म्हणाले. “वरच्या वाडीचे आकडे चांगले जातात म्हणे. आपल्यातला सगळ्यात ठणठणीत माणूस पाठवा.”

सगळ्यांच्या माना धाकूकडे वळल्या. धाकू पंचावन्न वर्षांचा, गावाची गुरे घेऊन रोज सड्यावर जाणारा, आयुष्यात एकदाही न शिंकलेला. त्याने दोन्ही हात पुढे केले. “बांधा. माझा काय जाताय?”

डाव्या हाताला तीन, उजव्याला चार पट्टे बांधले गेले. मोबदल्यात त्याच्या दुपारच्या भाकरीबरोबर घरटी पाळीने कालवण ठरले. रोज अकराला धाकू कातळावर बसे आणि सातही रुग्ण हिरवेगार होत. नाडी चौसष्ट, सातही जणांची. तीन महिने भरत आले तेव्हा वाडीला ‘आदर्श नियंत्रित वस्ती’ असे प्रमाणपत्र मिळाले. ते देवळात लावताना सखारामांची छाती भरून आली. पुढच्याच आठवड्यात दुसरे पत्र आले. वाडीतले सर्व जुनाट आजार आटोक्यात आल्याबद्दल अभिनंदन करून त्यात कळवले होते की आता डॉक्टरांची गरज उरलेली नसल्याने गुरुवारची गाडी बंद करण्यात येत आहे. डॉक्टर मृणालींची नेमणूक नियंत्रण केंद्रात, पडद्यासमोर करण्यात आली होती.

पहिल्या गुरुवारी सावित्रीबाईंनी सवयीने सरबत केले आणि नंतर स्वतःच प्यायले. तिसऱ्या गुरुवारी त्यांच्या पायात चप्पल जाईना. पाचव्या गुरुवारी त्या उशीला टेकून बसूनच झोपू लागल्या. सखारामांनी त्यांच्या नडगीवर स्वतःचा अंगठा दाबून पाहिला. खळगा पडला आणि राहिला. गोळी किती वाढवायची हे काही अंगठ्याने सांगितले नाही. माणूस घाबरला.

सड्यावर जाऊन त्यांनी मदतवाहिनीला फोन लावला. “सावित्री नागवेकर यांची प्रकृती समाधानकारक आहे,” पलीकडून उत्तर आले. “असेच सहकार्य चालू ठेवा.”

आता डॉक्टर आणायचा तर कोणीतरी लाल होणे आवश्यक होते, आणि बाईंना आता पायऱ्या चढवणे शक्य नसल्याने लाल होणे धाकूच्या हातात होते. वाडीने त्याला आठ दिवस खारे मासे आणि लोणचे खिलवले. त्याचा रक्तदाब जागचा हलला नाही आणि नाडी चौसष्टच राहिली. शेवटी सखारामांनी कोकणातला रामबाण उपाय काढला. त्यांनी धाकूला कातळावर गाठून सांगितले, “धाकू, तुझ्या भावानं हद्दीचा गडगा दीड हात तुझ्या जागेत सरकवलान.”

या वाक्याने जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात गेल्या आहेत. धाकूने कानातली विडी काढून पेटवली. “सरकवंदे की. गवत त्यालाच काढाया लागंल.”

दुसऱ्या दिवशी सखारामांनी रिक्षा केली आणि बाईंना घेऊन थेट रत्नागिरीचे केंद्र गाठले. वर नियंत्रण कक्ष, खाली दवाखाना. खालच्या टेबलाशी विनोद बसला होता. त्याने नंबर विचारला, तो संगणकात घातला आणि तो गोंधळला.

“पेशंट कुठे आहे?”

“ही काय समोर,” सखाराम म्हणाले. सावित्रीबाईंना दमामुळे बोलता येत नव्हते.

“काका, इथल्या शेवटच्या नोंदीत सावित्री नागवेकर सड्यावर आहेत. नाडी चौसष्ट. रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला आहे.”

“अरे, मी तिचा नवरा. मला म्हायती नाय ती कुठं हाय?”

“तुमच्या म्हणण्याला माझा आक्षेप नाही,” विनोद नम्रपणे म्हणाला. “पण हिरव्या पेशंटला दाखल करायची सोयच संगणकात नाही. डॉक्टरही हिरव्या पेशंटला खाली येऊन बघू शकत नाहीत. त्यांनी लाल लोकांकडे लक्ष द्यायचं असतं.”

सखारामांनी बायकोकडे पाहिले. ती बाकावर पुढे वाकून बसली होती आणि तिचे ओठ निळसर दिसत होते. तीस वर्षे काटे वाचलेल्या माणसाने त्या क्षणी सगळ्या काट्यांना मनातून शिवी हासडली. अकराला पाच मिनिटे कमी होती, म्हणजे धाकू कातळावर होता. त्यांनी फोन लावला.

“धाकू, पळ!”

“कुठं?”

“कुठं पण! कातळाभोवती पळ. हातवारे करत पळ.”

“मी पळालो तर गुरं पळतील.”

“पळूंदेत! धाकू, सावित्री मरताय रे. पळ!”

पलीकडे फोन खिशात कोंबल्याचा आवाज आला. मग घंटांचा कल्लोळ उठला. गडग्याने न हललेला धाकू जिवाच्या आकांताने धावत होता आणि त्याच्या मागे गावची एकोणीस गुरे. अकराच्या ठोक्याला केंद्रातल्या पडद्यावर सात नावे एकदम लाल झाली. नाडी एकशे बावन्न, सातही जणांची. भोंगा वाजला. रुग्णवाहिका फाटकाशी आली आणि डॉक्टर मृणाली बॅग घेऊन जिन्यावरून धावत खाली उतरल्या.

बाकापाशी त्या थबकल्या. काही न विचारता खाली बसल्या आणि नडगीवर अंगठा दाबला. खळगा खोल पडला.

“कधीपासून आहे हे, काकी?”

“तू येनाशी झालीस... तवापासून, बाय,” सावित्रीबाई धापा टाकत म्हणाल्या. मृणाली उठून उभ्या राहिल्या. त्यांनी विनोदला सांगितले, “ह्यांना आत घ्या. आत्ताच्या आत्ता.”

“मॅडम, लाल पेशंट सड्यावर आहेत. नियमानुसार त्यांना नोंदलेल्या जागेवरूनच उचलायचं.”

“पहिल्या पेशंटचं नाव काय?”

“सावित्री नागवेकर.”

“मग ह्यांना गाडीत घ्या. ह्यांनाच आणायला निघालोय आपण.”

अशा रीतीने सावित्रीबाई नागवेकर सावित्रीबाई नागवेकरांना आणायला पूर्ण इतमामात निघाल्या. सोबत समन्वयक होता. फाटकाबाहेर पडताच डॉक्टरांनी प्राणवायू लावला, शिरेतून औषध दिले, आणि अर्ध्या वाटेत बाईंचा श्वास सुटा झाला. सड्यावर धाकू कातळाला टेकून घामाघूम बसला होता, गुरे चारी दिशांना होती. विनोदने टॅबलेटवर बाईंच्या नावापुढे ‘रुग्ण घटनास्थळी आढळला’ येथे आणि बाकी सहांपुढे ‘बरे वाटले’ येथे टिचकी मारली, गाडी फिरली, आणि दीड तासाच्या प्रवासानंतर बाई पुन्हा त्याच दारातून, आता लाल होऊन, रीतसर आत गेल्या.

पाचव्या दिवशी त्यांच्या घोट्याची हाडे दिसू लागली आणि विनोद चौकशीचे कागद घेऊन वॉर्डात आला. प्रकरण गंभीर होते. वाडी योजनेतून काढायची, औषधांसकट, की ठेवायची, हे त्याच्या अहवालावर ठरणार होते.

“काकी, दुसऱ्याचे आकडे तुम्ही स्वतःच्या नावावर पाठवले. का?”

“आकडे चांगले हवे होते ना तुमाला?” सावित्रीबाई म्हणाल्या. मग त्यांनी त्याच्या पोटाकडे पाहून मायेने विचारले, “तुझी साखर किती रे?”

“नॉर्मल. न्यासातर्फे दर वर्षी तपासतात. मागच्या महिन्यातच झाली.”

“तपासायच्या आधी भात खाल्लास?”

विनोद कागद चाळू लागला.

“खरा सांग. मी तुझ्या आवशीसारखी.”

“आठ दिवस बंद केला होता.”

“आणि आंबे?”

“आंबे तपासणी झाल्यावर. त्याच दिवशी दुपारी.”

“किती?”

“चार.”

“मग ती नॉर्मल साखर कुणाची?” सावित्रीबाईंनी विचारले.

विनोदने पेनाचे टोपण काढले. मग कागद पुढे ओढून त्याने अहवाल लिहिला, की सदर दोष वेळणखोलपुरता मर्यादित नसून सर्वत्र आढळतो, सबब कारवाई करता येत नाही, आणि पट्टे योग्य मनगटावर आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी दर गुरुवारी एक डॉक्टर प्रत्यक्ष पाठवणे आवश्यक आहे. मुंबईला ही नवी कल्पना फार आवडली.

डॉक्टर मृणाली आता गुरुवारी येतात आणि आधी पाय बघतात. मनगट निघताना, आठवले तर.

वाडीवाल्यांना हसून झाले असेल, तर वाचकांनी कपाटातली आपल्या रिपोर्टांची फाईल काढावी. शेवटच्या कागदावर नाव तुमचेच आहे, आकडेही छान आहेत, घरात सर्वांना दाखवूनही झाले आहेत. फक्त त्याआधीचा आठवडाभर तुमच्या ताटावर जेवायला कोण बसत होते, ते डॉक्टरांना सांगितलेत का?