हलकी सायकल

सायकल घेण्यात कॅशियरसाहेबांचा खरा फायदा एकच होता, आरामखुर्ची वाचणार होती. पोट उतरणं, बसमधल्या कोपरखळ्या चुकणं, हे सगळं वरकड. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितल्यापासून बायकोचा डोळा गॅलरीतल्या त्या खुर्चीवर होता. मागे घेतलेल्या चालण्याच्या यंत्रावर सध्या टॉवेल वाळत होते, त्यामुळे साहेबांच्या शब्दाला घरात पत उरली नव्हती. पुढच्या तपासणीला काटा खाली आला नाही, तर खुर्ची भंगारात, असं तिने जाहीर केलं.

दुकानदाराने शर्यतीची सायकल दाखवली. तिच्यावर बसायचं म्हणजे रस्त्यात पडलेली सुई शोधत जायचं. डोंगरातली दाखवली, तर तिची चाकं ट्रॅक्टरच्या सोयऱ्यांतली. शेवटी ॲल्युमिनियमची हायब्रिड निघाली. ताठ बसा, ऑफिसला जा, व्यायाम जाताजाता. साहेबांनी ब्रेक पाहिले नाहीत, गिअर विचारले नाहीत. प्रत्येक सायकल तेवढी उचलून पाहिली.

"काका, सायकल चालवायची असते," दुकानदार म्हणाला.

"ते नंतर. आधी तिसरा मजला आहे. लिफ्ट नाही, आणि नवी वस्तू जिन्याखाली आमची ही ठेवू देणार नाही."

पहिल्या दिवशी साहेब ऑफिसला पोचले, गुडघे वाटेतच राहिले. संध्याकाळी त्यांना खुर्चीतून उठवायला शिपाई लागला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तडजोड काढली. बायकोदेखत हेल्मेट घालायचं, सायकल खांद्यावरून खाली आणायची, वळणापलीकडच्या शिंप्याकडे ठेवायची आणि बस पकडायची. संध्याकाळी तेच उलटं.

शिंपी दुसऱ्याची वस्तू गंजू देणाऱ्यांतला नव्हता. त्याने शिवलेले कपडे सायकलवरून पोचवायला सुरुवात केली. साहेब बसमध्ये पेंगत, सायकल गावभर हिंडे. चिखलाने माखलेली चाकं बायको शेजारणींना बोलावून दाखवायची. टायर गुळगुळीत झालं, तेव्हा तर तिचे डोळे भरून आले. साहेबांनी नम्रपणे हेल्मेट पुसलं.

तपासणीच्या दिवशी त्यांनी मनातल्या मनात खुर्चीचा निरोप घेतला आणि काट्यावर पाय ठेवला. काटा चांगलाच खाली होता. तीन मजले, रोज दोनदा, खांद्यावर सायकल. चरबी बिचारी किती टिकणार?

"सायकलिंगसारखा व्यायाम नाही," डॉक्टर म्हणाले.

बायको तिथून थेट दुकानात गेली आणि तिने स्वतःसाठी सायकल पसंत केली. दणकट, पोलादी, पुढे भलीमोठी टोपली.

"अगं, उचलून तरी बघ," साहेब कळवळले.

"मी कशाला? तुम्हाला सवय झालीय."

गॅलरीत दोन सायकली आणि खुर्ची मावेना. चालण्याचं यंत्र काढायचं, तर टॉवेल कुठे वाळत घालणार? खुर्ची गेली. भंगारात नाही, एवढीच काय ती दया.

हिशेब असा मिटला. डॉक्टरांना नाव मिळालं, बायकोला सायकल. शिंप्याचं वाहन गेलं, पण बदल्यात आरामखुर्ची आली. तिच्यात रेलून तो रोज सकाळी रस्ता बघतो. पुढून बायको जाते. तिच्यामागे, बरंच मागे, साहेब. खरोखर पेडल मारत.