रोज्यात भरलेलं ताट

"परिषदेत भेटते काय, ते तं सांगा!" शमसुन्निसाने नवऱ्याला, लियाकतभाईंना, विचारलं. व्यापारी परिषदेची फी तीनशे, पोंभुर्ण्याहून चंद्रपूरचं एसटीभाडं वेगळं, वर ऐन रमजान. पण अंगणात त्यांनी विणलेल्या बांबूच्या चाळीस खुर्च्या धूळ खात होत्या आणि नागपूरचे फर्निचरवाले ठवकरसाहेब तिथे येणार होते. ते हो म्हणाले तर ईद, नाहीतर त्याच खुर्च्यांवर बसून उसासे टाकायचे!

मंडपात वक्ता "संपर्क वाढवा!" म्हणून ओरडत होता आणि अर्धी सभा पुऱ्यांचा वास घेत होती. जेवणाची सुट्टी होताच सगळे लायनीकडे धावले. वक्ता सगळ्यात पुढे.

गर्दीत ठवकर दिसले तसे लियाकतभाई घुसले ते नेमके त्यांच्यापुढे. लायनीत उभं राहायचं तर ताट घ्यावंच लागतं, आणि आपल्याकडे रिकामं ताट दिसलं की वाढप्याच्या अंगात येतं.

"घ्या ना भाऊ, लाजता काऊन?"

"अरे, माहा रोजा हाये!" म्हणेस्तोवर पुऱ्या पडल्या, भाजी पडली, चार गुलाबजाम पडले. तेही शेवटचे!

"संपले?" मागून ठवकर किंचाळले. चेहरा असा, की घरात कोणी गेलं असावं. लियाकतभाईंना वाटलं, गेल्या खुर्च्या! त्यांनी ताट पुढे केलं.

"घ्या साहेब, हात नाई लावला म्या. रोजा हाये."

ठवकरांनी चारही गुलाबजाम उभ्या उभ्या, डोळे मिटून संपवले. मग लियाकतभाईंनी हळूच खुर्च्यांचा विषय काढला.

"धंदा आमची बाई पाह्यते," ठवकर पाक चाटत म्हणाले. "मी फक्त परिषदांले येतो. शुगर हाये म्हून घरी गोड बंद!" तेव्हा मोबाईल साहेब लोकांकडेच असायचा. त्यांनी त्यात बाईंचा नंबर काढला आणि तो लियाकतभाईंच्या हाती दिला. "तिनं इचारलं तं सांगजा, भाजीपोळीच खाल्ली."

मंडपात रेंज नव्हती. लियाकतभाई पार फाटकापाशी गेले, तिथून फोन लावून खुर्च्यांचं बोलले.

"खुर्च्याइचं मंग पाहू," बाई म्हणाल्या. "साहेबानं गोड खाल्लं का?"

लांबून ठवकर हात जोडून उभे होते. खोटं बोलावं तर रोजा जातो, खरं बोलावं तर खुर्च्या!

"बाई... चार गुलाबजाम."

लियाकतभाईंनी मनातल्या मनात खुर्च्या पुन्हा अंगणात मांडल्या.

"बारा वर्साइत पहिला माणूस खरं बोलला," बाई म्हणाल्या. "पाठवा चाळीसच्या चाळीस. अन् पुढच्या सालची फी मी भरतो. तुमची. त्याइची नाई!"

लियाकतभाई उड्या मारतच परतले.

"काय म्हणे?"

"सगळ्या खुर्च्या घेतल्या, साहेब!"

"वा! अन् माह्याबद्दल?"

लियाकतभाईंनी घड्याळ पाहिलं. अडीच वाजले होते.

"साहेब, आधी रोजा सुटू द्या. मंग तुमच्या मनासारखं सांगतो."