विहीणबाई पाण्यात उतरल्या

"आमचा किनारा म्हणजे काय सांगू, विहीणबाई! खेकडा वाळूतून चालला तरी ऐकू येतो!"

फोन ठेवून आन्तिओकोने मिशीवरून हात फिरवला. इटलीतल्या सार्डिनिया बेटाच्या टोकाला चिकटलेल्या पोर्तू सेरीन गावात त्याचा जन्म गेला होता, तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात. पण किनाऱ्याबद्दल बोलायला लागला की वाटावं, तो समुद्र यानेच खणून त्यात पाणी भरलंय!

त्याची लेक स्पेरान्त्सा मिलानच्या मुलाशी लग्न करणार होती. मुलाची आई, सिन्योरा ओत्ताविया, म्हणत होती लग्न तिकडेच करू. तिला गोंगाट सोसत नसे. "किनारा खरंच तुम्ही म्हणता तसा शांत असेल, तर येऊन बघते," एवढंच तिने कबूल केलं होतं. येणार होती रविवारी.

"रविवारी? जूनमधल्या?" बोनारियाने, म्हणजे त्याच्या बायकोने, हातातला डाव खाली ठेवला. "अरे, चर्च सुटलं की अख्खा गाव तिथं असतो! पिनुच्चाची तळलेली वांगी, एफिजिओचा अकॉर्डियन... आणि तू पत्ते खेळताना ओरडतोस ते तर डोंगरापलीकडे ऐकू जातं!"

"एका सकाळचा तर प्रश्न आहे. सांगतो लोकांना, येऊ नका म्हणून."

"सांग ना! म्हणावं, विहीणबाईंना तुमची तोंडं दाखवायची आम्हाला लाज वाटते. मग बघू लग्नाचा पाव कोण भाजतं ते!"

हे मात्र खरं होतं. पाव पिनुच्चाच भाजायची, आणि तिचा रुसवा एका नाताळाला सुरू झाला की दुसऱ्या नाताळापर्यंत पुरायचा. म्हणून आन्तिओको तिच्या दुकानात गेला आणि सहज बोलल्यासारखं म्हणाला, "रविवारी पाण्याकडे नका जाऊ हं. काहीतरी चावरं आलंय म्हणतात."

"चावरं म्हणजे?"

"आता ते... मोठं आहे जरा."

झालं! दुपारी न्हाव्याच्या दुकानात त्या चावऱ्या गोष्टीला दात फुटले. संध्याकाळी चौकात तिला कल्ला आला, शेपूट आलं, आणि रात्र व्हायच्या आत शाळेच्या बसएवढा शार्क पोर्तू सेरीनच्या समुद्रात सुखाने पोहू लागला. त्यात एफिजिओने कहर केला. गेल्या आठवड्यात दारूच्या नादात त्याने होडी खडकावर घातली होती आणि बायकोला काय सांगावं हे त्याला सुचत नव्हतं. तो छातीवर हात मारून म्हणाला, "माझं सुकाणू कुणी खाल्लं असं वाटलं तुम्हाला? त्यानेच!"

आन्तिओको मनातून हरखला. आपली थाप दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना किती भारदस्त वाटते!

रविवार उजाडला. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. ओत्ताविया चपला हातात घेऊन वाळूत उभी राहिली आणि डोळे मिटून म्हणाली, "तुम्ही खोटं नाही बोललात."

"मी?" आन्तिओको म्हणाला. "कधीच नाही!"

स्पेरान्त्साने बापाकडे संशयाने पाहिलं. "बाबा, गाव कुठे गेलाय?"

"रविवार आहे ना. झोपले असतील."

ओत्ताविया मात्र टोपी घालून सरळ पाण्यात शिरली आणि निवांत उताणी तरंगत राहिली. आता लग्न इथेच, आन्तिओकोच्या मनात पक्कं झालं.

नेमकी तेव्हाच वर टेकडीवर, शार्कच्या भीतीने लांबलेली प्रार्थना संपली. चर्चच्या पायरीवर आलेल्या गाव्हिनो या पाद्रीबुवांनी समुद्राकडे पाहिलं. पाण्यात एक माणूस! पांढरी टोपी! झगा वर धरून ते आत धावले आणि घंटेच्या दोराला लोंबकळले.

घण! घण! घण!

अख्खा गाव उतारावरून धडधडत आला. कुणाच्या हातात वल्हं, कुणाच्या हातात शिडी. पिनुच्चाने पाव भट्टीत घालायचं लांब फावडं भाल्यासारखं पुढे धरलं होतं. "बाई, हलू नका!" निम्मे ओरडत होते. उरलेले ओरडत होते, "बाई, पळा!"

"अरे थांबा! काही नाहीये!" आन्तिओको आडवा आला, पण त्या लोंढ्यात त्याला विचारतो कोण? सगळ्यात पुढे एफिजिओ होता. ज्याने सुकाणू खाल्लं त्याच्याशी दोन हात करायला नको म्हणायचं कसं? बिचारा डोळे मिटून, किंचाळत पाण्यात घुसला आणि हाताला लागलं ते घट्ट धरलं. तो ओत्तावियाचा पाय होता. तिने त्याच्या नाकावर असा गुद्दा हाणला की शार्क असता तर तोही माघारी फिरला असता!

शेवटी चौघांनी तिला खांद्यावर घालून आणलं. कुणी अंगावर शाल टाकली, कुणी मिर्तोच्या दारूचा घोट पाजला. पिनुच्चा तर तिला मिठी मारून रडायलाच लागली.

"पण झालं काय?" ओत्तावियाने विचारलं.

"शार्क!" सगळा गाव ओरडला.

सगळ्यांच्या नजरा आन्तिओकोकडे वळल्या. त्याने टोपी काढली. "शार्कबिर्क काही नाही. मीच पिकवलं ते. यांना शांतता हवी होती. आणि तुम्ही... तुम्ही म्हणजे..."

"आम्ही दाखवण्यासारखे नाही, असंच ना?" पिनुच्चाने फावडं वाळूत रोवलं. तिचा आवाज चिरकला होता. आन्तिओकोला वाटलं, शार्क खरा असता तर बरं झालं असतं.

ओत्तावियाने शाल आवळली. "मिलानमध्ये मी जिन्यावरून पडले होते," ती म्हणाली. "ओरडले, तर शेजाऱ्याने गोंगाट होतो म्हणून दार लावून घेतलं. आणि ही माणसं मला ओळखतसुद्धा नाहीत." तिने एफिजिओच्या सुजलेल्या नाकाकडे पाहिलं. "यांना पोहता तरी येतं का?"

"नाही," बोनारिया म्हणाली. "अजिबात नाही."

"लग्न इथेच होईल. आणि ही सगळी माणसं हवीत मला."

आन्तिओकोची छाती अशी फुगली की शर्टाचं बटण उडालं. "बघितलंत? आहे का असं गाव कुठे?" असं तो ज्याला त्याला विचारत सुटला. पिनुच्चाने त्याच्या पाठीत फावडं हाणलं, पण दांड्याकडून, म्हणजे माफ केलं!

राहता राहिला शार्क. आन्तिओको घरोघर सांगत फिरला की तो नव्हताच. पण बातमी एव्हाना बेटभर झाली होती. लोकांनी ठरवलं, हा लपवतोय! सप्टेंबरात लग्नाच्या दिवशी कुठल्या कुठल्या गावांतून दुर्बिणी घेऊन माणसं आली. जेवली, नाचली, आणि जरा कुठे लाट उसळली की "तो बघा!" म्हणून ओरडली.

लग्नाचा मोठा फोटो आता बोनारियाच्या स्वयंपाकघरात टांगलाय. त्यात नवरानवरी सोडून सगळे समुद्राकडे बघताहेत. सर्वांत पुढे, टाचा उंचावून, आन्तिओको!