बिनआवाजाचे पंखे

"आवाज म्हणून येणार नाही!" ज्ञानेशने छाती ठोकून सांगितलं. "कम्प्युटर चालू आहे की बंद, हे तुला मला विचारावं लागेल!"

आता हे बोलणारा ज्ञानेश मुळात एक नंबरचा भित्रा. सिन्नरच्या कारखान्यात तपासणी खात्यात असल्यामुळे प्रत्येक वस्तू बिघडणारच, या श्रद्धेवरच त्याचा पगार चालतो. गॅस बंद केलाय ना, हे बघायला तो खाली उतरल्यावर पुन्हा तीन मजले चढतो. मग कुलूप नीट लागलंय ना, हे बघायला आणखी एकदा! पण बायकोसमोर बढाई मारायची वेळ आली की भित्र्या माणसाच्या अंगातही बळ येतं.

कारणही तसंच होतं. मोहिनी शिकवायची ती शाळा बंद पडली होती आणि तेव्हापासून ती घरात नुसती भांड्यांशी बोलत होती. तेवढ्यात पुण्याच्या एका कंपनीला पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायला आवाज हवा होता. मोहिनीचा आवाज त्यांना आवडला. पण घरून घेतलेल्या चाचणीत ते मध्येच म्हणाले, "मॅडम, शेजारी पिठाची गिरणी आहे का?"

गिरणी कुठली! टेबलाखाली जुना कम्प्युटर होता. त्याचे पंखे असे घरघरायचे, की दारावरची बेल ऐकायलाही आधी तो बंद करावा लागे. कंपनीने खंडेनवमीला पुन्हा एकदा ऐकायचं कबूल केलं. "पण ही शेवटची संधी हं!" त्यांनी बजावलं. मोहिनी त्या दिवशी जेवली नाही. तिचा तो चेहरा बघून ज्ञानेशने नवा कम्प्युटर स्वतः जुळवायचा पण केला.

पंख्यांवर त्याने जेवढा अभ्यास केला तेवढा दहावीला केला असता तर आज तो कारखान्याचा साहेब असता. मग तो एम. जी. रोडला हबीबभाईंच्या दुकानात जाऊन उभा राहिला.

"हबीबभाई, गप्प बसणारे पंखे हवेत."

"मग मोठे घ्या. छोटा पंखा हवा द्यायला जोरात पळतो, म्हणून बोंबलतो. मोठा आरामात फिरतो, हवा तेवढीच. पुढचे दोन हवा आत ओढतील, मागचा एक बाहेर फेकेल. खाली रबर लावा, थरथर पण नाही येणार."

"आणि फिरता फिरता बंद पडला तर?"

"नाही पडत हो!"

"पण समजा पडला तर?"

हबीबभाई दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

टेबलाखाली पुढच्या बाजूला जाळी असलेलं कॅबिनेट आलं, पंखे बसले, रबरं लागली. ज्ञानेशने देवाचं नाव घेऊन बटण दाबलं.

"लागला का?" मोहिनीने विचारलं.

"लागलाय!"

"आवाज कुठाय?"

"तेच तर!"

मोहिनीने आनंदाने टाळी वाजवली. आणि त्याच क्षणी ज्ञानेशच्या मनात शंका शिरली. जुना कम्प्युटर बोंबलायचा, पण बोंबलतोय म्हणजे जिवंत आहे एवढं तरी कळायचं. या पंख्यांचं काय? फिरतायत तरी गप्प, बंद पडले तरी गप्प! बंद पडले की यंत्र तापणार, तापलं की पेटणार, पेटलं की शेजारच्या स्वयंपाकघरातला सिलिंडर... पुढचा विचार तो डोळे मिटून करायचा.

यावर त्याने उपाय काढला. टेबल भिंतीपासून ओढून घेतलं आणि मागच्या पंख्यासमोर तळहात धरून तो बसू लागला. हाताला वारा लागला की जीव भांड्यात पडायचा. हात काढला की पुन्हा धडधड! शेवटी तो जेवायलाही तिथेच बसला. उजवा हात ताटात, डावा पंख्याशी.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी वणीहून सासूबाई आल्या, तानुबाई. नवरात्रात सगळं जग वणीकडे निघालेलं, तेव्हा या उलट्या दिशेच्या रिकाम्या बसमध्ये ऐसपैस आडव्या होऊन आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "जावईबापू, उद्या या मशीनची पूजा करायची! ज्याच्यावर पोट चालतं त्याला हळदकुंकू नको?"

"हळदकुंकू नको, आई! जाळीतून आत जाईल!"

"मग झेंडूची माळ?"

"धागा पंख्यात अडकेल!"

"अक्षता?"

"आई, अहो तांदूळ!"

"मग काय कोरडंच ठेवायचं त्याला? आमच्याकडं विळ्याला, कुदळीला, पिठाच्या चक्कीला, सगळ्यांना कुंकू लागतं. याचंच लय नखरं!"

शेवटी तडजोड होऊन कॅबिनेटच्या डोक्यावर एक झेंडूचं फूल ठेवायचं ठरलं. सासूबाई हिरमुसल्या. ज्ञानेशने आणखी काय काय आत जाऊ शकेल याचा मनात आढावा घेतला आणि निश्चिंत होऊन सकाळी आंघोळीला गेला.

चाचणी सुरू झाली. मोहिनी कानाला हेडफोन लावून पडद्यावरची गोष्ट वाचू लागली. हरवलेल्या कोकराला शोधत निघालेल्या मुलीची गोष्ट. आवाज कसा, तर दुधावरच्या सायीसारखा! ज्ञानेश टेबलामागे जमिनीवर मांडी घालून, तळहात पंख्याशी धरून बसला होता. वारा येत होता. सगळं छान होतं.

आणि त्याच्या बोटांमधून धूर निघाला!

आधी त्याला वाटलं, भास. मग धुराची दुसरी रेघ आली. मग तिसरी. कम्प्युटर पेटला! जे आयुष्यभर होणार होणार म्हणत होता ते झालं! ओरडावं तर मोहिनीसमोर माइक. वायर उपटावी तर चाचणी गेली, बायकोची संधी गेली, पुन्हा ती भांड्यांशी बोलणार. आणि न उपटावी तर सगळी बिल्डिंग!

स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई दिसल्या. ज्ञानेशने दोन्ही हात हलवून धुराकडे बोट दाखवलं. सासूबाईंनी धूर बघितला, डोळे मिटले आणि भक्तिभावाने हात जोडले.

'संपलं!' ज्ञानेश मनात म्हणाला. 'यांनीही आशा सोडली!'

तो ओणवा होऊन टेबलाखाली सरकला. एका हातात वायर धरली. छातीचा भाता झाला होता. आता उपटू? हे वाक्य संपू दे. आता? कोकरू सापडू दे. बिचारं कोकरू काही सापडेना! घामाची धार नाकावरून ओघळली आणि तेवढ्यात नाकाला वास आला. चंदनाचा.

कम्प्युटर जळताना चंदनाचा वास कशाला येईल?

ज्ञानेशने मान वाकडी करून पुढे बघितलं. मोहिनीच्या पायांशेजारी, कॅबिनेटच्या जाळीला अगदी नाक लावून, अर्ध्या केळ्यात दोन उदबत्त्या खोचलेल्या! वाचन सुरू झाल्यावर सासूबाईंनी गुपचूप आणून ठेवलेल्या. पुढचे पंखे इमानेइतबारे धूर आत ओढत होते आणि मागचा पंखा तितक्याच इमानाने बाहेर फेकत होता. उदबत्ती नको, असं ज्ञानेश म्हणालाच नव्हता!

त्याने घाईघाईने केळं ओढलं. जळता निखारा मनगटावर पडला. "आई गं!" एवढंच त्याच्या तोंडून निसटलं, तेही अगदी हळू. तेवढ्यात कोकरूही सापडलं.

दुपारी कंपनीचा फोन आला. मोहिनीने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. ज्ञानेश भाजलेल्या मनगटावर फुंकर घालत उभा होता.

"मॅडम, अभिनंदन! आवाज फारच सुंदर. काम तुमचंच!"

मोहिनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सासूबाई म्हणाल्या, "बघा, पूजा पावली का नाय!"

"फक्त एक करा," फोनमधला माणूस म्हणाला. "तुमच्या कम्प्युटरचा पंखा तेवढा बदलून घ्या. सुरुवातीला एकदम शांत होता, पण मध्येच धापा टाकायला लागला. शेवटी तर 'आई गं' म्हणाल्यासारखं वाटलं, पण तो आमचा भास असेल."

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मोहिनीचं रेकॉर्डिंग सुरू झालं की ज्ञानेश जिन्यात बसलेला असतो. परवा वरच्या मजल्यावरच्या मंगलाबाई भाजीची पिशवी घेऊन चढत होत्या, त्यांनी विचारलंच.

"काय हो, असे बाहेर का बसलात?"

"आत रेकॉर्डिंग चाललंय."

"मग तुम्हाला कशाला बाहेर काढलं?"

ज्ञानेशने हळूच श्वास सोडला आणि तो म्हणाला, "कम्प्युटरचा आवाज येतो ना!"