ओरेस्तेच्या क्लचमधली हवा

शनिवारी सकाळी ओरेस्तेने गॅरेजमध्ये मोटारसायकलचा क्लच दाबला, तर लिव्हर लोण्यात बोट शिरावं तसा अलगद मुठीला जाऊन टेकला. त्याने सोडून पुन्हा दाबला. पुन्हा लोणी.

"नीवेस!" त्याने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली. "माझं वाटोळं झालं!"

"हात धुऊन ये, मग सांग," त्याची बायको आतून म्हणाली. ती सारण भरायच्या तोर्तेल्लीनीचं पीठ लाटत होती. चौतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं वाटोळं झाल्याचं तिने बऱ्याचदा ऐकलं होतं.

पण या वेळी खरंच गंभीर होतं. दुसऱ्या दिवशी मोंतेरोन्कोच्या चर्चपुढे मोटारसायकलींना आशीर्वाद द्यायचा रविवार होता. खालच्या खोऱ्यातल्या बेचाळीस मोटारसायकली रांगेने डोंगर चढून वर जात आणि फादर एत्तोरे प्रार्थना म्हणून त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडत. रांगेत पहिला मान ओरेस्तेच्या लाल गाडीचा होता, गेली अकरा वर्षं. नियम एकच: अंगावर पाणी पडेपर्यंत इंजिन चालू हवं. ज्याचं आधी बंद पडेल, तो पुढच्या वर्षीपासून रांगेच्या शेवटी. आणि दुसऱ्या क्रमांकावर लेआर्को होता. तो अकरा वर्षं ओरेस्तेच्या गाडीचा धूर खात होता आणि ते विसरत नव्हता.

या क्लचची गंमत समजून घ्यायला हवी. साध्या गाडीत लिव्हर एक तार ओढतो. हिच्यात, आणि रांगेतल्या बाकीच्या गाड्यांतही, तार नाही, नळी आहे, आणि नळीत द्रव भरलेला. मुठीपाशी लिव्हर दाबला, की द्रव नळीतून ढकलला जातो आणि इंजिनापाशी बसलेल्या दट्ट्याला रेटतो. इंजिन आणि चाक यांची फारकत होते. द्रव दाबून आकसत नाही, म्हणून हे जमतं. पण नळीत हवेचा एक बुडबुडा शिरला, की आपण दाबतो ते त्या बुडबुड्यालाच. तो आकसतो आणि दट्ट्या जागचा हलत नाही.

ओरेस्तेला हे सगळं ठाऊक होतं. हवा काढायला दोन माणसं लागतात, म्हणून त्याने नीवेसला पिठाच्या हातांनीच खुर्चीवर बसवलं. टाकीवर तिचा जुना टेबलक्लॉथ पसरला, कारण या द्रवाचा थेंब रंगावर पडला तर रंग सोलून निघतो.

"मी 'दाब' म्हटलं की दाबायचं. 'धर' म्हटलं की दाबून धरायचं. मी खालचा स्क्रू सैल करून हवा सोडीन आणि परत आवळीन. मग 'सोड' म्हटलं, की सोडायचं. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही हं!"

"लग्नात फादरनेही हेच सांगितलं होतं," नीवेस म्हणाली.

दोन वेळा दाबून धरून सोडलं असेल-नसेल, तोच गॅरेजच्या दारात सावली पडली. हात पाठीमागे बांधलेला पाल्मीरो उभा होता, वय ब्याऐंशी. आमच्याकडे रस्ता खणायला घेतला किंवा भिंत बांधायला काढली, की निवृत्त माणसं हात मागे बांधून काठाशी उभी राहतात आणि काम कसं चुकतंय ते एकमेकांना सांगतात. चौकातलं गटाराचं काम शनिवारी बंद होतं. त्यामुळे पाल्मीरोच्या मागे आणखी चौघे आले.

"दट्ट्याचं रबरी सील गेलंय," पाल्मीरो म्हणाला.

"पाल्मीरो, तुम्ही अजून पाहिलंसुद्धा नाही."

"आवाजावरून कळतं."

"क्लचला आवाज नसतो हो!"

"तेच म्हणतोय. सील गेलं की आवाज नसतो."

ओरेस्ते खाली वाकून "धर" म्हणाला. मागून पाचही जण "धर, धर!" म्हणाले. एक जण "सोड आता" असंही म्हणाला आणि नीवेसने सोडलं. स्क्रू उघडाच होता. गेली तेवढी हवा परत आत आली.

"कोण बोललं 'सोड'?" ओरेस्ते ओरडला. पाचही जण छताकडे बघू लागले.

शेवटी त्याने एक युक्ती केली. रिकाम्या माणसाला काम दिलं की तो सल्ला द्यायचा थांबतो. मुठीजवळ द्रवाची छोटी वाटी असते. हवा काढताना ती रिकामी पडली तर वरून नवी हवा शिरते. ती भरत राहण्याचं काम त्याने पाल्मीरोला दिलं. द्रव ओरेस्तेने मोठ्या डब्यातून फळांच्या रसाच्या एका रिकाम्या बाटलीत काढून ठेवला होता. हे कधी करू नये. जी वस्तू ज्या बाटलीतून येते, तिने त्याच बाटलीत राहावं. पण ओरेस्तेला बारीक तोंडाची बाटली ओतायला सोपी वाटली.

पाल्मीरो बाटली घेऊन असा ताठ उभा राहिला, जणू फादरच्या शेजारी मेणबत्ती धरलीये. काम भराभर होऊ लागलं. खालच्या स्क्रूला लावलेल्या पारदर्शक नळीतून बुडबुडे निघत होते आणि प्रत्येक बुडबुड्याला पाच जण "हा बघ, हा बघ!" करत होते.

इतकी माणसं दारात उभी असताना त्यांना काही न देणं नीवेसला बरं वाटेना. ती आत जाऊन लाउरीनो घेऊन आली. तमालपत्राची पानं स्पिरिटमध्ये भिजवून, साखरेचा पाक घालून केलेली ही दारू आमच्या घराघरात असते, आणि घराघरात ती हाताला लागेल त्या बाटलीत भरतात. नीवेसची भरली होती फळांच्या रसाच्या बाटलीत. रंगही तसाच फिकट सोनेरी. तिने पाच छोटे पेले भरले आणि बाटली स्टुलावर ठेवली. पाल्मीरोला पेला घ्यायला हात मोकळा हवा होता, म्हणून त्याने आपली बाटली स्टुलाखाली ठेवली. पेला संपवला. मग कर्तव्याची आठवण झाली आणि त्याने समोर दिसली ती बाटली उचलली.

नशीब एवढंच, की चूक एकाच दिशेने झाली. स्टुलाखालच्या बाटलीला कोणी तोंड लावलं नाही. लाउरीनो मात्र वाटीत गेली आणि वाटीतून नळीत.

"धर... सोड... धर... अरे वा!" ओरेस्ते उठला. लिव्हर दगडासारखा कडक झाला होता. "पाल्मीरो, हात लागला तुमचा!"

"सील गेलं होतं," पाल्मीरो म्हणाला.

रविवारी दहा वाजता लाल गाडी रांगेच्या पुढे निघाली. मागच्या सीटवर नीवेस चांगला कोट घालून बसली होती. खोऱ्यात असेपर्यंत क्लच उत्तम लागत होता. द्रव म्हणून लाउरीनोत तसा काही दोष नाही. पण खरा क्लचचा द्रव कितीही तापला तरी सहजी उकळत नाही, आणि दारू पाण्याच्याही आधी उकळते. दट्ट्या बसलेला इंजिनाला खेटून. सहा किलोमीटरचा चढ संपला तेव्हा दट्ट्यापाशी लाउरीनोची वाफ झाली होती.

चर्चपुढच्या चौकात ओरेस्तेने पहिल्या गिअरमध्ये गाडी आणली आणि थांबायला क्लच दाबला. लोणी.

फादर एत्तोरेंनी हात उंचावून प्रार्थना सुरू केली होती. गाडी त्यांच्या समोरून हळूहळू निघून गेली.

"कुठे चाललास?" नीवेसने विचारलं.

"क्लच लागत नाहीये! थांबलो की इंजिन बंद पडणार!"

"मग न्यूट्रल कर!"

"तेच करतोय!" त्याने पायाने गिअर उचलला. न्यूट्रल ओलांडून दुसरा पडला. परत दाबला, पहिला पडला.

गाडी चर्चच्या मागच्या बाजूला वळली. पुढची गाडी जाईल तिकडे जायचं, ही मिरवणुकीची शिस्त. त्यामुळे मागच्या एक्केचाळीस गाड्याही वळल्या.

"हे काय नवीन?" मागून लेआर्को ओरडला.

"प्रदक्षिणा!" ओरेस्ते ओरडला. "भक्ती आहे!"

"खोटं बोलतोयस," नीवेस त्याच्या कानात म्हणाली, "आणि तेही चर्चला चिकटून!"

वळसा घालून सगळे पुन्हा चर्चसमोर आले तेव्हा फादर संतांची नावं घेत होते. त्यांच्या यादीत संत पुष्कळ असत. दुसरी फेरी झाली, तिसरी सुरू झाली. ओरेस्तेच्या पुढे कोणी नसल्यामुळे त्याची गाडी आपल्या आपण चालत होती. मागच्यांचं तसं नव्हतं. पुढची गाडी अडखळली की क्लच दाबा, सरकली की सोडा, पुन्हा दाबा. जुन्या गाड्या, कडक लिव्हर, साठीचे हात.

"बोटं आखडली रे!" मागून लेआर्कोचा आवाज आला. मग एक उचकी आली आणि त्याचं इंजिन गप्प झालं. त्याच्यामागे आणखी तीन गाड्या गप्प झाल्या. तिसरी फेरी संपवून धडधडत आलेल्या लाल गाडीवर फादरनी डोळे पुसत पाणी शिंपडलं. ओरेस्तेने लगेच इंजिन बंद केलं.

"इतकी श्रद्धा मी या डोंगरावर पाहिली नव्हती," फादर म्हणाले. "पुढच्या वर्षीपासून आपण सगळेच तीन फेऱ्या घालू." लेआर्कोचं आणि त्या तिघांचं बंद पडणं त्यांनी त्या श्रद्धेपायी माफही करून टाकलं.

ओरेस्तेला रात्रभर झोप लागली नाही. घरी येऊन बाटल्या हुंगल्यावर त्याला सगळं कळलं होतं. सोमवारी त्याने बारमध्ये सगळ्यांसमोर खरं ते सांगून टाकलं. लेआर्को चिडेल असं त्याला वाटलं होतं. पण लेआर्कोने शांतपणे एवढंच विचारलं, "किती ओतली होती?"

ओरेस्तेने वर्षभरात नळी धुतली, फुगलेलं सील बदललं, ताजा द्रव भरला. पुढच्या मे महिन्यात तो तीन फेऱ्या घालून फादरसमोर आला, क्लच दाबला आणि गाडी जागच्या जागी थांबली. दगडासारखा लिव्हर, इंजिन चालू, मान वर.

लेआर्को त्याच्या डावीकडून निघून गेला.

"माफ कर हं!" तो आनंदाने ओरडला. "थांबता येत नाही!"

त्याच्यामागून दुसरा गेला, तिसरा गेला. हवेत तमालपत्राचा वास दरवळला. गेल्या वर्षी बोटं आखडलेल्या साऱ्या मंडळींनी आपापल्या घरची लाउरीनो क्लचमध्ये भरली होती. वळसा घालायला एक्केचाळीस गाड्यांना ओरेस्तेची उभी गाडी मधोमध आयती मिळाली होती. फादर लेआर्कोच्या दिशेने पाणी शिंपडत त्याच्यामागे चार पावलं धावले.

चौक रिकामा झाला. ओरेस्ते अजून क्लच दाबून उभा होता.

"दुरुस्ती छान झालीय," नीवेस मागून म्हणाली. "आता सोड तो, म्हणजे निदान शेवटचे तरी लागू."