अर्जदार : बैल

धनसिंगकाकांच्या अर्जाखाली त्यांची सही नसायची. बैलाच्या खुराचा ठसा असायचा. शाईत बुडवलेला, अर्धा मजकूर गिळून टाकणारा.

नव्वदच्या दशकात मी जिल्ह्यातल्या एका बाजार समितीत कारकून होतो. पहिला अर्ज मी परत केला. "काका, अर्जदाराची सही लागते."

"हाय की. तकलीफ ज्याला, अर्ज त्याचा. मी नुसता लिहिणारा."

काका कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावरचे. शिक्षण चौथी. पण कुण्या वकिलाकडून मिळवलेली सरकारी नियमांची झेरॉक्स कायम खिशात. त्यातला एक नियम तोंडपाठ : पारा सदतीसच्या वर गेला, की बारा ते तीन जनावर जुंपायचं नाही. आमच्या यार्डात उन्हाळ्यात मालाच्या गाड्यांची रांग दिवसभर हलायची नाही आणि बैल तसेच जुवाखाली. सोडले तर नंबर जायचा. काका म्हणायचे, समितीनं ठराव करावा : दुपारी बैल सुटले पाहिजेत, हौद बांधला पाहिजे, नंबर कायम राहिला पाहिजे.

"जनावर मुकं हाय, कायदा मुका न्हाई," हे त्यांचं पालुपद. ऐन दुपारच्या एका वरातीत त्यांनी नवरदेवालाच अडवलं. "उतर लेका, घोडीची सुट्टी झाली." नवरदेव मांडवापर्यंत पायी गेला. काकांना लग्नाची बोलावणी येणं तेव्हापासून बंद झालं.

तीन उन्हाळे अर्ज येत राहिले. शेवटी आमचे सचिव खेकसले, "सदतीस होतं कशावरून? पुरावा आणा!"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी काका खांद्यावर जू घेऊन सचिवसाहेबांच्या केबिनमध्ये शिरले आणि ते धाडकन टेबलावर ठेवलं. "एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तुमी. तीन वाजेस्तोवर उभं राहू. पुरावा आपोआप भेटते."

"काढा याला बाहेर!" साहेब ओरडले. शिपाई जागचा हलला नाही. खिडकीत गाडीवानांची डोकीच डोकी. साहेबही शेतकऱ्याचंच पोर. ईर्षेला पेटले आणि खरंच उन्हात जाऊन जुवाखाली उभे राहिले. पाव तासात शर्ट भिजला. त्यांनी पाणी मागितलं.

"तुमाला मागता तरी येते, साहेब," काका म्हणाले.

पुढच्या बैठकीत ठराव झाला. हौद बांधला, पाटी लागली : बारा ते तीन बैल सोडा, नंबर कायम. मला वाटलं, काका आता हारतुरे घ्यायला येतील. ते आले, पण रांगेपाशीच थांबले. मी जवळ जाऊन विचारलं, "काका, अर्जावरचे ठसे दुसऱ्यांच्या बैलांचे. तुमचे बैल कधी दिसले नाहीत?"

त्यांनी जवळच्या बैलाच्या पाठीवर हात फिरवला. मग म्हणाले, "होती जोडी. याच रांगेत उभी होती. एकजण धापा टाकून राहिला होता, मला दिसत होतं. पण पुढं चारच गाड्या होत्या. लंबर जाईल म्हणून सोडला न्हाई म्या." त्यांनी समोरच्या डांबरावर बोट दाखवलं. "इथं बसला. उठलाच न्हाई. दुसरा मग मीच इकला. जुवाखाली पुन्हा घालवंना."

बारा वाजले. बैल सुटू लागले. एक गाडीवान मात्र बैलाला जुवाशी बांधणारी सापती धरून घुटमळत होता. पाटीवर त्याचा भरवसा नव्हता.

काका त्याच्या गाडीपुढे गेले. टोपी सारखी केली आणि तापलेल्या डांबरावर पाय रोवून उभे राहिले.

"सोड बाप्पा, पाणी पाज त्यायला. तुझ्या लंबरावर मी उभा हाय."