दहा सेकंदांचा वन-पीस

मोटारसायकलवरून कामाला जाणाऱ्या माणसाने अंगात काय घालावं, या विषयात आपल्या तोडीचा जाणकार अख्ख्या मिनेसोटात नाही, असं व्हर्नर हाउगस्टाडचं ठाम मत होतं. मे महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी पावणेनऊपर्यंत तरी होतं.

हे मत फुकट झालेलं नव्हतं. तळं गोठलं की गावातली बाकीची मंडळी बर्फाला भोक पाडून मासे धरत बसतात. व्हर्नर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कॅटलॉग धरून बसला होता. कोपराचं पॅड किती जाड हवं, पावसाचं पाणी आधी कुठून शिरतं, रस्त्यावर घसरल्यावर कुठलं कापड किती वेळ टिकतं, सगळं त्याला पाठ होतं. दुकानात तर त्याने तीन शनिवार घालवले. "उभं राहून आरशात बघणारे फसतात," असं तो घरी येऊन सांगायचा. "गाडीवर बसून बघायचं. सूट उभ्याने झकास दिसला, की बसल्यावर घोट्यावरून वर चढलाच म्हणून समज."

"टू-पीस घे," त्याची बायको आर्डिस पहिल्या दिवसापासून म्हणत होती. "जॅकेट वेगळं, पँट वेगळी. माणसासारखं."

"टू-पीसमध्ये कमरेतून वारा शिरतो. आणि पडलो तर जॅकेट वर सरकून पाठ सोलून निघते. वन-पीसला बघ, गळ्यापासून डाव्या घोट्यापर्यंत एक चेन. दहा सेकंदांत आत, दहा सेकंदांत बाहेर! ऑफिसचे कपडे आत जसेच्या तसे."

"आणि कुणी म्हटलं, कोट काढा, तर?"

"काढायचा."

"मग पँटही उतरणार."

"अगं, आत ऑफिसची पँट असते ना."

"असली म्हणजे झालं," आर्डिस म्हणाली आणि बटाटे सोलायला लागली.

त्या सोमवारी नऊ वाजता व्हर्नरची मुलाखत होती. गावच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख टोइवो निवृत्त होत होता आणि त्याच्या जागेसाठी व्हर्नरचं नाव होतं. वय अठ्ठावन्न. ही संधी गेली तर पुढची थेट स्वर्गात.

आणि एक संधी आधी गेलेलीच होती. त्याचं असं, की या गावातल्या नॉर्वेजियन घरांत कुणी काही देऊ केलं, तर पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा "आता तुम्ही एवढं म्हणताय तर" असं म्हणून घ्यायचं. कॉफी असो, नाहीतर केकचा शेवटचा तुकडा. पहिल्याच वेळी हो म्हणणारा हावरट, आणि तिसऱ्या वेळीही नको म्हणणारा रुसलेला. हे तिथल्या पोराला बोलता येण्याआधी कळतं. मूळच्या फिनलंडच्या घरांत मात्र एकदाच विचारतात. नको म्हणालात तर नको, विषय संपला. टोइवो फिनिश होता. नऊ वर्षांपूर्वी त्याने व्हर्नरला विचारलं होतं, "उपप्रमुख होतोस?" व्हर्नर रीतीप्रमाणे म्हणाला, "छे छे, माझ्यापेक्षा लायक माणसं आहेत की." "बरं," टोइवो म्हणाला आणि दुपारी ती जागा दुसऱ्याला देऊन मोकळा झाला. व्हर्नर नऊ वर्षं दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत होता.

"या वेळी हो म्हण," आर्डिसने सकाळी दारात बजावलं. "पहिल्या फटक्याला. टोइवो समोर असणार आहे."

वन-पीसखाली कोट-पँट चुरगळेल, म्हणून व्हर्नरने एक युक्ती केली होती. आपली एकुलती एक निळी कोट-पँट, शर्टासकट, त्याने शुक्रवारीच ऑफिसच्या कॉफीच्या खोलीत खुंटीला टांगून ठेवली. सोमवारी थंडी होती, म्हणून वन-पीसच्या आत त्याने लाल लोकरीचा, गळ्यापासून पायापर्यंत सलग, मागे बटणांची खिडकी असलेला आतला पोशाख घातला. माणूस तत्त्वाचा. आतलाही वन-पीसच.

पावणेनऊला तो कॉफीच्या खोलीत शिरला. खुंटी होती. खुंटीवर काही नव्हतं. आणि खुंटीच्या खाली शुक्रवारी जे मोठं खोकं होतं, तेही नव्हतं. त्या खोक्यावर काय लिहिलं होतं, ते व्हर्नरला आता लख्ख आठवलं. "चर्चच्या तळघरातील जुन्या कपड्यांच्या विक्रीसाठी."

घरी जाऊन यायला चाळीस मिनिटं. आर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांचं जेवण रांधत असणार. शेजारच्या टेबलावरच्या कुणाची तरी पँट मागावी, तर तशी मागायला जीभ वेगळी लागते. "कुणाला कशाला त्रास," व्हर्नर पुटपुटला, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि गुडघ्यांची पॅडं खटखटवत मुलाखतीला गेला.

खोलीत दोघं होते. समितीच्या अध्यक्ष मार्लिसबाई, आणि टेबलाच्या टोकाला डोळे मिटल्यासारखा टोइवो. खिडकीखाली वाफेचा हीटर फुसफुसत होता. एक जूनपर्यंत तो बंद करायचा नाही, असा नियम होता. तो व्हर्नरनेच केला होता.

"या, या व्हर्नर. तो अवजड कोट काढून ठेवा आधी."

"नको, असू द्या. बरा आहे."

एक झालं. प्रश्न सुरू झाले. नळजोडण्या, जुने पाइप, उत्तरेकडची टाकी. उत्तरं व्हर्नरला झोपेतही आली असती, पण वन-पीसमध्ये पाण्याचा थेंब आत येत नाही, तसा बाहेरही जात नाही. पाठीवरून घामाची धार निघाली आणि सावकाश डाव्या बुटात उतरली. हे कॅटलॉगमध्ये लिहिलेलं नव्हतं.

"पाइप फुटला तर पहिलं काय कराल?" मार्लिसबाईंनी विचारलं.

"आधी झडप बंद करायची. मग पाणी कुठून येतंय ते बघायचं," तो म्हणाला, आणि नाकावरून एक थेंब अर्जावर पडला.

"अहो, तुम्ही उकडून निघालात. काढा ना तो कोट. मी टांगते."

"नको, खरंच नको. मला सवय आहे."

दोन! व्हर्नरला आता पाइप दिसेनात, फक्त तिसरा प्रश्न दिसत होता. काढला तर लाज जाणार. नाही काढला तर बाई दुखावणार, आणि दुखावलेल्या बाईच्या सहीने प्रमुख झालेला माणूस त्याच्या पाहण्यात नव्हता. टू-पीस असता तर वरचं जॅकेट तेवढं उतरवून आतलं लाल स्वेटर म्हणून खपवलं असतं, आणि पँट राहिली असती जागच्या जागी. आर्डिसचा बटाटे सोलणारा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे आला. त्याला तिचा मनापासून राग आला, कारण तिचं बरोबर होतं.

मार्लिसबाईंनी पेन खाली ठेवलं. हातांची घडी टेबलावर ठेवली.

"व्हर्नर, कोट काढता ना?" त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या. त्या गावात याहून कडक आवाज नाही.

"बाई, काढला असता हो," व्हर्नर म्हणाला. "पण हा एकसंध आहे. कोट निघाला की पँटही निघते. आणि आत... आत नुसतं लोकरीचं आहे. लाल. माझी निळी कोट-पँट शुक्रवारी खुंटीला होती. ती खोक्याबरोबर गेली."

मार्लिसबाईंचा चेहरा आतल्या लोकरीच्या रंगाचा झाला. चर्चची विक्री त्याच चालवायच्या. खोकंही त्यांनीच उचललं होतं, आणि वर टांगलेलं कुणीतरी उदार मनाने दिलंय असं समजून तेही घेतलं होतं.

"निळी," त्या हळूच म्हणाल्या. "बारीक रेघांची?"

"हो."

"टोइवो, जरा उभा राहा बघू."

टोइवो उभा राहिला. व्हर्नर इतका वेळ घामाने आंधळा झाला होता, म्हणून. नाहीतर आपल्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची कोट-पँट त्याने केव्हाच ओळखली असती.

"शनिवारी घेतली," टोइवो म्हणाला. "हवी?"

"छे छे, असू द्या, तुम्हाला चांगली दिसते," व्हर्नर म्हणाला.

"बरं," म्हणून टोइवो खाली बसला.

आपण काय बोलून बसलो ते व्हर्नरला कळलं, तोपर्यंत मार्लिसबाई घाईघाईने कागद गोळा करत होत्या. अपराधी मनाने म्हणा, नाहीतर उत्तरं आवडली म्हणून म्हणा, त्यांनी टोइवोकडे पाहिलं. टोइवोने मान हलवली आणि पेन उचललं.

"प्रमुख होतोस?" त्याने विचारलं.

व्हर्नरच्या जिभेवर "छे छे" तयार होतं. अठ्ठावन्न वर्षांची सवय ती. त्याला समोर आपल्याच कोटाची बाही दिसली आणि त्या बाहीतून आलेला, कागदावर फुली मारायला टेकलेला हात दिसला.

"हो!" व्हर्नर ओरडला.

मार्लिसबाई खुर्चीत दचकल्या. पहिल्याच वेळी हो म्हणणारा माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

"बरं," टोइवो म्हणाला आणि बरोबरची खूण केली. "दहाला महापौरांकडे तुझा फोटो आहे."

"आणि मला माझी कोट-पँट हवी," व्हर्नर म्हणाला. आता त्याला चटक लागली होती.

"बरं," टोइवो म्हणाला आणि तिथल्या तिथे पट्टा सोडायला लागला. आयुष्यभर शेजाऱ्यांबरोबर सौनाच्या वाफेत उघड्याने बसलेला माणूस तो, त्याला कसली लाज? मार्लिसबाईंनी काठोकाठ भरलेली कॉफीची किटली उचलली आणि भरून आणते म्हणून बाहेर पळाल्या.

व्हर्नरने चेन ओढली. खरंच दहा सेकंदांत बाहेर आला. शर्टासकट कोट-पँट चढवली आणि खाली पाहिलं. टोइवो त्याच्यापेक्षा वीतभर बुटका होता आणि टापटिपीचा होता. रविवारी बसून त्याने पँट चार बोटं कापून शिवली होती. खालून लाल लोकर हसत होती.

टोइवोला घालायला काहीच उरलं नव्हतं, म्हणून त्याने वन-पीस चढवला. घोट्याशी घड्या पडल्या, पण त्याने गुडघे वाकवून, हात पसरून पाहिलं आणि पहिल्यांदाच हसला.

"उबदार आहे," तो म्हणाला. "बर्फावर मासे धरायला बरा."

प्रमुखपद मिळाल्याच्या आनंदात व्हर्नरचं मन भरून आलं होतं. चार चांगले शब्द बोलावेत असं त्याला वाटलं.

"वा! तुमच्यासाठीच शिवल्यासारखा आहे," तो म्हणाला. "ठेवा की तुम्हीच."

"बरं," टोइवो म्हणाला.

संध्याकाळी आर्डिस पिकअप घेऊन त्याला न्यायला आली. मोटारसायकल मागे चढवली. तिने त्याच्या पँटकडे पाहिलं, लाल घोट्यांकडे पाहिलं.

"जागा मिळाली," व्हर्नर म्हणाला.

"आणि वन-पीस?"

व्हर्नर खिडकीबाहेर तळ्याकडे बघत राहिला.

"टू-पीस बघावा म्हणतोय," तो म्हणाला.